बाहीवरची बोटं

फोनच्या पडद्यावर बाबांच्या शेजारी एक अनोळखी बाई बसली होती. केस मागे बांधलेले, चेहऱ्यावर कुणालाच उद्देशून नसलेलं गुळगुळीत हसू, आणि उजवा हात बाबांच्या बाहीवर असा विसावलेला, की जणू त्या बाहीवर तिचा जन्मापासूनचा हक्क असावा. दादाने अंगठ्याने पडदा सरकवला. आता तिथे दुसरी बाई होती, जरा जाड, गळ्यात स्कार्फ घातलेली. त्याने पुन्हा सरकवला. तिसरीचा एकच डोळा जागेवर होता. दुसरा कानाच्या दिशेने वाहत गेला होता. "बघ की," दादा म्हणाला, आणि हसू आवरेना म्हणून त्याने चहाचा कागदी कप खुर्चीखाली ठेवला. "दर वेळी नवी बाई! मी म्हणतोय, बाबा रे, नुसती भिंत वाढव, सोफा वाढव, फोटो आडवा कर. तर हा बाई आणून बसवतो. आपल्या बाबांना आयुष्यात जमलं नाही ते या फोनने एका दुपारात करून दाखवलं."

त्याची बहीण हसली नाही. ऑफिसच्या दाराशी, पिण्याच्या पाण्याच्या यंत्राजवळ पाहुण्यांसाठी दोन खुर्च्या होत्या. त्यांतल्या एकीवर तो ऐसपैस बसला होता आणि दुसरीवर ती, एखाद्या मुलाखतीला आल्यासारखी. तिचंच ऑफिस होतं, तरीही. दादा जिथे बसेल तिथे घरमालक तोच असायचा आणि समोरचा माणूस आपोआप पाहुणा व्हायचा, ही त्याची लहानपणापासूनची करामत. कितीतरी वर्षांनी तो समोर आला होता. बाबा गेल्याचं त्याने कळवलं नव्हतं; ते तिला बाबांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने रस्त्यात थांबवून सांगितलं होतं, वर "तुम्ही दिसला नाहीत कुठे," असंही विचारलं होतं. आणि आज तो आला होता तो हा फोन घेऊन. फोन काय करत होता हे तिला एका नजरेत कळलं होतं. मूळ फोटोत बाबांच्या डाव्या बाहीवर बोटं होती. नुसती बोटं. त्यांच्या पुढे फोटो संपत होता. फोटो रुंद कर म्हटल्यावर सॉफ्टवेअर बोटं बघायचं आणि आपल्या परीने हिशेब मांडायचं, की बोटं आहेत म्हणजे मनगट असणार, मनगट आहे म्हणजे दंड असणार, खांदा असणार, कोणीतरी असणारच. मग ते आपल्या पोतडीतून कुणालातरी काढून तिथे बसवायचं. त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. उलट त्या खोलीत त्या क्षणी प्रामाणिक असं काही असेल तर ते तेवढंच होतं.

"नव्या घराच्या हॉलमधली भिंत आडवी आहे," दादा सांगत होता. "सोफ्याच्या वर फोटो लावायचाय, हा एवढा. तुझी वहिनी म्हणाली, बाबांचा एक तरी फोटो पाहिजे घरात, लोक विचारतात. आणि आई सारखं बाबा कुठे, बाबा कुठे करते. तिला आता फारसं कळत नाही. सकाळी मला विचारलं, तुम्ही कोणत्या खात्यातून आलात." तो पुन्हा हसला. "घरचंच काम आहे बेबी, म्हणून तुझ्याकडे आलो. नाहीतर आमच्या गल्लीत आहे की एक फोटोवाला. ती बोटं तेवढी काढ, म्हणजे ही बायकांची रांग थांबेल."

ती बोटं. त्याने "तुझी" म्हटलं नाही. तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, एखादा जोड कुठे दिसतो का ते शोधताना पाहावं तसं, की हा विसरला आहे की विसरल्याचं दाखवतो आहे. पण त्या चेहऱ्यावर जोड नव्हताच, सलग होता. तिचं वय आता केस रंगवायचं की नाही हे ठरवण्याचं होतं आणि तो तिला बेबी म्हणत होता. नाही म्हणायला हवं होतं. ते तिच्या तोंडात आलंही होतं. पण दादाने पाकिटातून मूळ फोटो काढून तिच्या मांडीवर ठेवला, आणि तिच्या हाताने तो सवयीने कडांना धरून उचलला. पृष्ठभागाला बोट लागू द्यायचं नाही, हे बाबांनी शिकवलं होतं. हाताने होकार दिल्यावर तोंडाने काय बोलायचं, हे तिला सुचलं नाही.

तिच्या ऑफिसात खिडक्यांना जाड पडदे होते आणि भिंती राखाडी, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरच्या रंगांत बाहेरच्या उजेडाची लुडबुड नको. तिथे दिवस नावाची गोष्ट नव्हती. फर्निचर बनवणाऱ्या कंपन्या आपापल्या सोफ्यांचे, पलंगांचे, टेबलांचे फोटो पाठवायच्या आणि त्यांच्यामागे, आजूबाजूला खोल्या वाढवून द्यायचं काम तिच्याकडे असायचं. हल्ली पहिला हात सॉफ्टवेअर मारायचं. मग त्याने केलेला आगाऊपणा काढून टाकायचा: दिव्याच्या दांडीला फुटलेलं पान, भिंतीतून सुरू होऊन भिंतीतच संपणारा जिना, एकाच गालिच्यावर तीनदा उमटलेला तोच डाग. तिचा हात असा होता, की तिने केलेली भिंत कोणाला भिंत म्हणून आठवायचीच नाही, आणि भिंतीची याहून मोठी स्तुती नसते. ऑफिसातली पोरं तिला भिंतवाल्या ताई म्हणत. "ताई, एक रिकामी भिंत द्या ना उसनी," शेजारच्या खुर्चीवरची मुलगी ओरडायची, "माझ्या गिऱ्हाइकाने डोकं खाल्लंय, आपटायला पाहिजे." ही मुलगी दिवसभर कानात काहीतरी घालून गुणगुणत असे आणि तिला जगातल्या कोणत्याच गोष्टीचा राग येत नसे; त्याबद्दल हिला मनातल्या मनात तिचा फार राग यायचा.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर तिने फोटो स्कॅन केला आणि मोठा करत गेली. बाबांच्या स्टुडिओतला तो सोफा, तांबड्या मखमलीचा, ज्यावर गावातली सगळी लग्नं आणि सगळी बाळं बसून गेली होती. मागे बाबांनीच रंगवलेला कापडी पडदा: दगडी कठडा, कुंडी, लांब धुक्यातली झाडं. डावीकडे दादा, मिसरूड फुटण्याच्या बेतात असलेला, कॅमेऱ्याकडे बघून आपण बघत नाही असं दाखवणारा. मग आई. मग बाबा. मग बोटं. करंगळीशी आल्यावर तिने माऊसवरचा हात थांबवला. पडद्यावरची करंगळी मधल्या पेरात बाहेरच्या बाजूला वळली होती, एखाद्या फांदीने भिंत आडवी आली म्हणून रस्ता बदलावा तशी; आणि माऊसवरची करंगळीही तशीच वळलेली, टेबलाला न टेकता हवेत उभी होती. लहानपणी एकदा डार्करूमचं दार दादाने आपटून लावलं होतं. आत बाबांच्या ट्रेमध्ये कागद होता आणि दाराची फट राहिली होती, बाबा "दार!" म्हणून ओरडले आणि दादाने पूर्ण ताकदीने दार लोटलं; फटीत तिची करंगळी होती. ती ओरडली. "उघडू नका," बाबा आतून म्हणाले, "फोटो जाईल." पाणी खळखळत राहिलं. दाराबाहेर तांबड्या दिव्याची एक बारीक रेघ तिच्या बोटाच्या दोन्ही बाजूंनी पडत होती, आणि दादा तिच्याकडे न बघता त्या रेघेकडे बघत होता. फोटो धुऊन झाल्यावरच दार उघडलं. फोटो छान आला होता. कुणाच्या तरी मुंजीचा, की कुठल्या बक्षीस समारंभाचा, ते तिला आठवत नव्हतं; छान आला होता एवढंच आठवत होतं, कारण बाबांनी तो तिला पहिल्यांदा दाखवला होता, बोट फडक्यात गुंडाळायच्याही आधी, आणि ती रडता रडता "छान आलाय" म्हणाली होती.

घरात त्या बोटाचं नाव वाकडोजीराव पडलं. आई तिला जेवायला वाढताना म्हणायची, "वाकडोजीरावांना आणखी हवंय का काही?" रात्री झोपवताना आई ती करंगळी मुठीत धरून हलके हलके सरळ करू पाहायची, रोज थोडी थोडी केली तर होईल सरळ, अशा समजुतीने. झाली नाही. पण त्याच हातात बाबांनी पुढे ब्रश दिला. काचेवर निगेटिव्ह ठेवून, भिंगाखाली, एकेका केसाच्या ब्रशाने देवीचे व्रण बुजवायचे, डोळ्यांखालचं काळं हलकं करायचं. दादाला ते कधी जमलं नाही. त्याच्या हाताला घाई होती. बाबा गिऱ्हाइकासमोर म्हणायचे, "लेकीचा हात आहे, वाकडा आहे पण खोटं सरळ बोलतो." हे ऐकताना दादा कपाटातल्या फ्रेमा उगाच पुसत बसायचा. मग समोरच्या दुकानात संगणक आला. आपणही घेऊ, असं ती वर्षभर सांगत होती. बाबा म्हणाले, यंत्राला चेहरा कळत नाही. दादा म्हणाला, हिला खेळणं पाहिजे. एका सकाळी ती घरातून निघाली आणि डावीकडे आपल्या दुकानात वळायच्याऐवजी रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात कामाला गेली. तेवढंच. काही लोक घरातून पळून जातात, ती रस्ता ओलांडून गेली. समोरच्या काचेतून तिला आपल्या दुकानातले बाबा दिसायचे, आणि गिऱ्हाइकं एकेक करून रस्ता ओलांडताना दिसायची. पहिल्याच संध्याकाळी तिची ट्रंक घराच्या दाराबाहेर होती. ट्रंक कोणी ठेवली हे तिने विचारलं नाही. बाबांनी, हे तिने गृहीत धरलं. आणि जेव्हा पुढे कुणीतरी सांगितलं, की घरातल्या फोटोंतून तुला कापून टाकलंय, तेव्हाही तिने बाबांनीच, असं गृहीत धरलं. त्या गृहीतावर तिने आपलं सगळं आयुष्य उभं केलं होतं. ती कोणाशीही फार जवळीक करायची नाही, बोलावल्याशिवाय कुठे जायची नाही, आणि बोलावलं तरी दाराजवळच्या खुर्चीवर बसायची.

आणि आता कापलेली कड तिच्यासमोर होती, खिडकीएवढी मोठी केलेली. ती तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि काहीतरी खुपत राहिलं, पण काय खुपतंय हे कळेना. मग कळलं. कड सरळ नव्हती. वरून निघून थोडी आत येत होती, मध्येच अडखळून पुन्हा बाहेर, आणि खाली कागदाचा एक बारीक लचका निघाला होता. कात्री चालली होती इथे. कात्री, आणि घाईचा हात. बाबांनी उभ्या आयुष्यात कात्रीने फोटो कापला नव्हता. पोलादी पट्टी, पाती, आणि खाली जाड काच. एकदाच ओढायचं, श्वास रोखून. पासपोर्टचा फोटोही ते तसाच कापायचे. आणि दुसरं, हे तर तिला पहिल्याच क्षणी सुचायला हवं होतं: बाबांनी कापला असता तर बोटं राहिली नसती. बाहीवर दुसऱ्याची बोटं लोंबत ठेवून बाबांनी फोटो भिंतीला लावलाच नसता. रागाने आंधळे झाले असते तरी ब्रश घेऊन त्यांनी ती बाही विणून काढली असती, धाग्याला धागा. हा फोटो अर्धवट सोडणाऱ्या माणसाने कापला होता. तिने खुर्ची मागे सरकवली. आनंद झाला असं नव्हे. उलट आत कुठेतरी असा संताप दाटून आला, की त्याला पहिल्यांदा वळायला जागाच सापडेना. इतकी वर्षं ती चुकीच्या माणसावर रागावून होती. तो माणूस तेवढ्यात मरून गेला होता आणि बरोबर माणूस पाण्याच्या यंत्राजवळ बसून चहा पिऊन गेला होता.

बाबा तिच्या बाजूला कलले होते. हे तिला नंतर दिसलं. सगळं शरीर उजवीकडे तोल गेल्यासारखं, खांदा खाली, मान तिच्या दिशेला. आणि मखमलीची गादी ती जिथे बसली होती तिथून दबून उतरती झालेली. कापलेल्या कडेपर्यंत तो उतार येत होता आणि तिथे तुटत होता. एवढं कलून बसतं का माणूस कोणाकडे, उगाच? ती त्या कलण्याकडे असं बघू लागली, जसं कोणी बंद पडलेल्या घड्याळाला कान लावून बघतं. मग तिचं तिलाच आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं: कॅमेरा आपोआप टिपणारा होता. बाबा बटण दाबून पळत आले होते आणि सोफ्यावर आदळले होते. त्यांना सावरायला म्हणून तिने बाही धरली होती. कलणं प्रेमाचं असेल, तोल गेल्याचं असेल. फोटोला ते सांगता येत नाही, आणि विचारायला आता कोणी नव्हतं. त्या दोन्हींतलं एक काहीतरी निवडून घ्यावं, असं वय तिचं राहिलं नव्हतं. तिने ते तसंच ठेवलं. कामाला लागली.

बोटं तिने काढली, पण पुसली नाहीत. कामाची रीतच तशी होती: एका काचेवर दुसरी काच ठेवावी तसे चित्राचे थर एकमेकांवर ठेवायचे, आणि काढलेली वस्तू वेगळ्या थरावर उचलून तो थर नुसता झाकायचा, कारण गिऱ्हाइकाचं मन बदलतं. बाबांची बाही तिने धाग्याला धागा जुळवून विणली. मागच्या कापडी पडद्याचा उरलेला भाग सॉफ्टवेअरला ठाऊक नव्हता, ते तिथे समुद्र काढायला बघत होतं. तिला ठाऊक होता. कठड्याचा चौथा खांब बाकीच्यांपेक्षा जाड होता, कारण तो बाबांनी तिच्या लहानपणी हातात ब्रश देऊन तिच्याकडून रंगवून घेतला होता. तिने तो तसाच जाड काढला. सोफा लांब केला, बराच लांब. आडव्या भिंतीसाठी आडवा. आणि गादीचा तो दबलेला उतार बुजवण्याऐवजी पुढे नेला, पूर्ण केला: एका बसलेल्या माणसाच्या वजनाचा खड्डा, मखमलीची लव तिथे उलटी फिरलेली, कडेला सुरकुती. वर कोणी नाही. बाबा त्या खड्ड्याकडे कललेले. तिने सांगितलेलं सगळं केलं होतं. कोणी बोट ठेवून चूक दाखवू शकलं नसतं.

"झकास!" दादाचा फोन आला. "कोणी म्हणेल का, इथे कापलेला होता म्हणून? तुझ्या हातात जादू आहे बेबी, बाबा उगाच नव्हते म्हणत." कुणी कापला, असं ती विचारणार होती, तेवढ्यात त्याला दुसरा फोन आला.

त्यानंतरचा फोन निराळा होता. पलीकडे भांड्यांचा आवाज होता आणि दादा हळू बोलत होता, म्हणजे वहिनी जवळपास असणार. "त्या फोटोत काहीतरी गडबड आहे गं. म्हणजे आहे छान. पण येईल तो माणूस फोटो बघतो आणि विचारतो, इथे कोण होतं? शेजारचे आले, तेच. माझा साहेब आला, तो म्हणतो, कोणी उठून गेलं का मध्येच? गॅसवाला आला होता, त्याचा काय संबंध! तोसुद्धा."

"तू म्हणालास बोटं काढ. काढली."

"अगं हो, पण..."

"भिंत वाढव म्हणालास. वाढवली. सोफा वाढव म्हणालास."

"तू ना, लहानपणापासून अशीच. समोरच्याला बोलताच येणार नाही असं काहीतरी करून ठेवतेस." पलीकडून वहिनी काहीतरी म्हणाली. "बरं, राहू दे. वहिनीकडे उपाय आहे."

उपाय दोन दिवसांनी तिच्या पडद्यावर आला. गल्लीतल्या फोटोवाल्याने वहिनीला कापून त्या खड्ड्यात बसवलं होतं. आजची वहिनी, डोक्यावर काळा चष्मा चढवलेली, कुठल्याशा सहलीच्या फोटोतून उचललेली, डोळे उन्हाने बारीक झालेले; आणि एक माणूस सोडून पलीकडे तिची सासू, ऐन तिशीतली, वेणी पुढे घेतलेली. वहिनीच्या केसांभोवती सहलीतल्या आभाळाची निळी किनार राहिली होती. उजवा हात मनगटाशी संपत होता, कारण मूळ फोटोत तो गाडीच्या दारामागे होता. दादाने खाली लिहिलं होतं: कडा तेवढ्या नीट कर. हात तुटल्यासारखा दिसतोय, त्याचं काहीतरी बघ. आता कोणी विचारणार नाही.

शेजारची मुलगी मान लांब करून बघत होती. "अय्या ताई, ही वेणीवाली कोण?"

"सासू आहे ती."

"आणि ही चष्मेवाली?"

"तिची सून."

मुलगी इतकी हसली, की तिच्या कानातलं यंत्र निघून टेबलाखाली पडलं. "तुमचेच लोक का हे?" तिने खाली वाकून शोधता शोधता विचारलं. "नाही," ती म्हणाली, आणि हे म्हणताना तिला काही वाटलं नाही, यानेच ती जराशी घाबरली. बाबा आता वहिनीकडे कलले होते. ज्या बाईला त्यांनी आयुष्यात कधी निगेटिव्हला हात लावू दिला नाही, तिच्याकडे, लाडाने, तोल जाईपर्यंत. तिच्या मनात आलं, की फाईल परत पाठवावी आणि लिहावं, जमणार नाही. दादा दुसऱ्या कोणाकडून करून घेईल. कडा वाईट राहतील, पण हॉलमध्ये लागेल. लोक वाईट कडांसकट काहीही भिंतीला लावतात. वर्षा-दोन वर्षांत सगळ्यांना तेच खरं वाटू लागेल. दादाला तर आत्ताच वाटू लागलं असेल. खोटं पक्कं व्हायला कसबी हात लागत नाही, ते फक्त नेहमी समोर असावं लागतं.

तिने काम घेतलं. निळी किनार केसागणिक सोडवली. वहिनीवरचं ऊन उजवीकडून होतं आणि स्टुडिओतला दिवा डावीकडून. तिने वहिनीच्या गालावरचा उजेड उतरवून दुसऱ्या गालावर चढवला, हनुवटीखाली सावली घातली, डोळ्यांचं बारीक होणं सोडवलं, इतकं, की वहिनी तिला कधी दिसली नव्हती तेवढी शांत दिसू लागली. जुन्या कागदाची खरखर आणि पिवळटपणा तिच्या अंगावर सारखा पसरला. काळा चष्मा काढला. तिने वहिनीला प्रेमाने बसवलं नसेल, पण नीट बसवलं. असं काम गल्लीतल्या फोटोवाल्याला सात जन्मांत जमलं नसतं आणि बाबांना आवडलं असतं, आणि या दोन्ही गोष्टींनी तिला एकाच वेळी एक कडवट, जिभेच्या मुळाशी जाणवणारं समाधान दिलं. शेवटी हात राहिला. मनगट बाहीच्या अगदी जवळ येऊन थांबलं होतं. कोणाचाही हात चालला असता. ऑफिसात हातांची एक मोठी साठवण होती, कपांवर ठेवलेले, उशांवर ठेवलेले. तिने झाकलेला थर उघडला.

बोटं बाहीवर परत आली. जिथून गेली होती तिथेच, त्याच सुरकुतीवर, इतकी नेमकी, की काही हलवावं लागलं नाही. मधला पंजा रंगवून तिने वहिनीचं मनगट त्यांना जोडलं. जोड दिसत नव्हता. वाकडी करंगळी बाहेरच्या बाजूला वळून हवेत उभी होती. तिने फाईल पाठवून दिली आणि सोफ्यांकडे वळली.

दादाने उत्तरात नुसता अंगठा पाठवला. फोटो लागला असणार, लोकांनी विचारायचं थांबवलं असणार. ती जवळजवळ विसरली होती, म्हणजे दिवसातून तीन-चारदाच आठवत होती. मग एका दुपारी, एका पांढऱ्या दिवाणखान्याची डावी भिंत ती वाढवत असताना फोन वाजला.

"बेबी." दादाचा आवाज हॉलमधला होता, घुमत होता. "तो हात."

"काय झालं हाताला? तुटलेला दिसतोय?"

"नाही. आई फोटोसमोरून हलत नाहीये. खुर्ची घेऊन बसलीये तिथे सकाळपासून. आणि तुझ्या वहिनीला सोडत नाही. सारखी म्हणते, हात बघू. तिचा हात ओढून घेते आणि करंगळी धरून बसते. वहिनी कंटाळली आता, रडकुंडीला आलीये."

"काय म्हणते आई?"

पलीकडे आईचा आवाज होता, बारीक, कौतुकाने भरलेला, लहान मुलाशी बोलावं तसा. "सरळ झाली की गं," आई कोणालातरी सांगत होती. "मी म्हणत नव्हते, रोज थोडी थोडी केली की होते म्हणून? बाबांना दाखवलीस का?" आणि त्यावर वहिनीचा आवाज, दात आवळून, "अहो आई, सोडा ना, दुखतंय."

आपली करंगळी तिने टेबलावर दाबून पाहिली. ती टेकली नाही.

"हे तू मुद्दाम केलंस," दादा म्हणाला.

"हात हवा होता. हात दिला."

"काढ ती बोटं. आज संध्याकाळपर्यंत दुसरा फोटो छापून लावायचाय मला. कोणतीही बोटं लाव, पण ती काढ."

"काढते," ती म्हणाली. "कुणाची?"

"म्हणजे काय कुणाची?"

"फोटोत खूप बोटं आहेत दादा. आईची आहेत, बाबांची आहेत. तुझी आहेत. कुणाची काढू, ते सांग."

पलीकडे तो श्वास घेत होता. लहानपणी दाराबाहेर उभा असताना घ्यायचा तसाच, तोंडाने. आई मध्येच काहीतरी गुणगुणली. तिने फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून धरला, उजवा हात मोकळा केला आणि पांढरी भिंत डावीकडे थोडी पुढे ओढली, मग आणखी थोडी. सॉफ्टवेअरने तिथे एक रिकामी खुर्ची काढून दिली. तिने ती ठेवली. फोन चालू होता. तिला घाई नव्हती.